दोन ढोल्यांची खार

“सदर बालिकेने ‘दोन ढोल्यांची खार’ या पुस्तकाच्या शेवटी स्वहस्ते लिहिलेल्या कथेत धाकट्या भावाचा कोठेही उल्लेख नसून, यावरून तिचे भावनिक अवलंबित्व भावावर नसल्याचे दिसून येते. पुस्तकवाचनाच्या उपक्रमामुळे तिने कुटुंबातील बदल आनंदाने स्वीकारला आहे. सबब, भावंडांचे ताबे स्वतंत्र ठेवण्यास मानसशास्त्रीय हरकत दिसत नाही.”

कौटुंबिक न्यायालयाच्या विवाह समुपदेशक कुरणेबाई यांनी हा परिच्छेद न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये उभ्याने वाचला आणि वाचून झाल्यावर चष्मा काढून पदराने पुसला. टेबलाच्या एका टोकाला मुलीची आई बसली होती, दुसऱ्या टोकाला वडील. मधल्या खुर्चीवर तज्ज्ञ म्हणून बोलावलेला मी. मुलगी, केतकी तोडकर, वय वर्षे नऊ, आणि तिचा भाऊ ओजस, वय पाच, बाहेर बाकावर शिपाई दस्तगीर यांच्याजवळ होते. आईवडील परस्परसंमतीने वेगळे होत होते. वडिलांची बदली चंद्रपूरला झाली होती; त्यांनी मुलगा न्यावा, आईने मुलगी इथे ठेवावी, असे दोघांनी आपसांत ठरवून टाकले होते. अडून बसल्या होत्या त्या न्यायाधीश. दोन लेकरे एकमेकांपासून तोडायची तर त्याचे कारण मला कागदावर दिसले पाहिजे, असे त्यांनी आधीच्या तारखेला बजावले होते.

कारण आता कागदावर आले होते.

तीन वाक्ये. जन्मभर पोथ्या तपासलेल्या माणसाला तीन वाक्ये तपासायला फार वेळ लागत नाही. ‘स्वहस्ते’ म्हणावे, तर फाइलला जोडलेला कागद संगणकावर टंकलेला होता. मुलीचा हात त्याला लागल्याची एकही खूण नव्हती. ‘कोठेही उल्लेख नसून’ याबद्दल बोलायचे, तर अनुल्लेखावरून अभाव सिद्ध करणे ही तर्कदोषांतली सर्वांत आळशी जात होय. हा न्याय लावला तर आपल्या निम्म्या जुन्या कवींना आई नव्हती असे ठरेल आणि बहुतेकांना भूक लागत नव्हती असेही. ‘आनंदाने’ हे क्रियाविशेषण कोठून आले, याचा शोध घेतला तर एवढेच हाती लागते की मुलगी न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत रडत नसे, वस्तू फेकत नसे आणि पुस्तके फाडत नसे. तीन नकारांची बेरीज करून कुरणेबाईंनी आनंद काढला होता. उरला ‘सबब’. सरकारी मराठीत हा शब्द नेमका तिथे येतो, जिथे कारण येऊ शकलेले नसते.

पुढे कित्येक वर्षे मी हा परिच्छेद संशोधनपद्धतीच्या कार्यशाळांमध्ये शिकवला. नावे झाकून, अर्थात. प्रमाद कसा घडतो हे दाखवायला याहून नेटका नमुना मिळत नाही. विद्यार्थी हसत. ‘निम्म्या कवींना आई नव्हती’ इथे तर खात्रीने हसत. मीही हसत असे. एक तपशील मात्र मी त्यांना कधी सांगितला नाही.

त्याआधीचे सहा आठवडे सांगायला हवेत.

मी त्या वेळी मराठी विभागाच्या प्रमुखपदावरून नुकताच निवृत्त झालो होतो. माझे नाव ज्या कामामुळे चार लोकांना ठाऊक आहे ते काम म्हणजे एका जुन्या पंथीय पोथीची चिकित्सक आवृत्ती. एकोणीस वर्षे लागली. नकलकार पोथी उतरवून घेताना स्वतःच्या पदरचे काही घुसडतात, कुणी आपल्या गावचे नाव, कुणी आपल्या गुरूचा चमत्कार. अशी ठिगळे ओळखायची आणि उसवून बाजूला ठेवायची. आमच्या शास्त्रात त्यांना प्रक्षिप्त म्हणतात. माझ्याइतकी प्रक्षिप्ते महाराष्ट्रात कुणी काढली नसतील, असे एका समीक्षकाने लिहिले होते. ते कात्रण मी जपून ठेवले होते.

निवृत्तीनंतर कौटुंबिक न्यायालयाने मला बोलावले. तिथे मुलांसाठी एक खोली होती. आईवडील भांडत, तारखा घेत, तोवर मुले तिथे बसत. ज्यांना मुलाची भेट मंजूर झालेली असे ते पालकही तिथेच येऊन तासभर भेटत. त्या खोलीत पुस्तके ठेवावीत आणि पुस्तकांतून मुलांचे मन हलके करावे, असा एक उपक्रम मंजूर झाला होता. पुस्तके मी निवडायची होती. निवडायला बसलो तेव्हा ध्यानात आले की आपल्याकडे मुलांच्या गोष्टींतले आईबाप मरतात, हरवतात, राक्षस होतात, पण वेगळे होत नाहीत. म्हणून मी स्वतःच एक पुस्तक लिहिले. खारीची आई आंब्यावर राहते, बाबा चिंचेवर. दोन्ही झाडांवर तिची एकेक ढोली आहे. आधी ती रडते, मग तिला कळते की आपले एक घर कमी झालेले नाही, एक वाढले आहे. शेवटची दोन पाने कोरी होती. त्यांवर छापले होते : ‘पुढे काय झालं? तू लिही.’

मला ते पुस्तक फार आवडत असे. मुलांना कितपत आवडे, हे दस्तगीरने मी न विचारताच सांगितले.

“सर, तुमची खार या हप्त्यात कुणी हातात धरली न्हाई,” कपाट पुसता पुसता तो म्हणाला. “हत्तीचं पुस्तक सात डाव गेलं.”

“हत्तीच्या गोष्टीत काही तात्पर्यच नाही, दस्तगीर.”

“म्हणूनच असंल.”

खार हातात धरणारी पहिली मुलगी केतकी. तिच्या दोन वेण्या कुणीतरी घाईघाईने घातलेल्या असत, एक वर, एक खाली. पुढे कळले की आईची सकाळपाळी असली की ती स्वतःच घालत असे. ओजस सतत तिच्या अंगाला चिकटलेला. त्याच्या बुटांच्या नाड्या ती बांधायची, त्याचे नाक ती पुसायची, आणि तो पुस्तकाचा कोपरा तोंडात घालू लागला की न बघताच हाताने पुस्तक वर उचलायची. माझी खार तिने त्याला मांडीवर घेऊन सलग तीनदा वाचून दाखवली. मी शेजारी बसून ऐकत होतो. लेखक ऐकतात तसा.

तिसऱ्या वाचनानंतर तिने माझ्याकडे पाहिले.

“सर, ही खार एकटीच का आहे?”

“गोष्ट तिची आहे, म्हणून.”

“पण तिला भाऊ असेल तर?”

“या गोष्टीत नाही.”

“असेल तर तो कुठल्या ढोलीत राहणार?”

“केतकी, तो या गोष्टीत नाहीच आहे. गोष्टीत जे नाही त्याबद्दल आपल्याला काही सांगता येत नाही.”

हे मी एम.ए.च्या वर्गाला सांगे तसेच सांगितले. ओजस म्हणाला, “ताई, खारीला सू लागली तर ती कुठं जाते?” आणि तिने अत्यंत गंभीरपणे त्याला चिंचेच्या मागची जागा चित्रात दाखवली.

कुरणेबाई दारात उभ्या राहून हे सगळे पाहत होत्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. दिवसाला चौदा जोडप्यांची भांडणे ऐकून जेवढे मऊ राहता येते तेवढ्या मऊ होत्या. त्या केतकीजवळ येऊन उकिडव्या बसल्या.

“हे बघ, शेवटी कोरी पानं आहेत ना? तिथं तू लिही. जे बोलायला जड जातं ते पुस्तकाला सांगायचं. पुस्तक विसरत नाही.”

शेवटचे वाक्य माझे होते. खारीच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतले.

“मग ते न्यायाधीशबाई वाचतील?” केतकीने विचारले.

“वाचतील की.”

“नक्की?”

“विचार सरांना.”

“नक्की वाचतील,” मी म्हणालो.

तिने दस्तगीरकडून पेन्सिल मागून घेतली. लिहायला तिला दोन शनिवार लागले. ओजस वाकून वाकून बघे. “मला काढ ना त्यात,” तो म्हणे. “काढलाय,” ती म्हणे, “पण तू झोपलायस. झोपलेल्या माणसानं बोलायचं नसतं.”

तिने जे लिहिले ते मला पाठ आहे. ओळी जिथे तुटल्या होत्या तिथेच माझ्याही तुटतात.

‘खारीला एक भाऊ पण होता. तो चित्रात दिसत नाही कारण तो लहान आहे आणि ढोलीत आत झोपला आहे. खार म्हणाली आम्ही दोघं दोन ढोल्यांत राहणार नाही. आम्ही एकाच ढोलीत राहू. तुम्ही या. मग आई सोमवार ते बुधवार आली. बाबा गुरुवार ते शनिवार आले. रविवारी कुणी आलं नाही. मग त्यांनी रविवार दोघांचाच ठेवला.’

एवढेच. आज कुणी मला विचारले तर मी सांगेन की विभक्त कुटुंबातल्या मुलांच्या ताब्याबद्दल याहून शहाणे काही माझ्या वाचनात आलेले नाही, आणि माझे वाचन कमी नाही. तेव्हा मला कुणी विचारले नाही. तेव्हा मी संपादन करत होतो.

नऊ मुलांनी नऊ शेवट लिहिले होते. त्यांचा संग्रह बालदिनाला प्रसिद्ध करायचा, असे उपक्रम-समितीने ठरवले होते. माझी वीस पानी प्रस्तावना, तळटीपांसह. दुपारी जेवण झाल्यावर मी खारीच्या त्या नऊ पुस्तिका घेऊन टेबलाशी बसलो आणि एकेक शेवट छापखान्यासाठी स्वच्छ उतरवू लागलो. एका मुलाने खारीला बंदूक दिली होती, ती काढली. एकीने चिंचेच्या झाडाला नवी आई आणली होती आणि तिचे नाव कंसात लिहिले होते, तेही काढले. मग केतकीची पुस्तिका आली.

माझा हात थांबला नाही. थांबला असता तर सांगितले असते. मूळ कथेत खार एक होती, हिच्या कथेत दोन झाल्या होत्या. चित्रात पुरावा नाही, तर लेखिका त्याची सबब झोपेवर ढकलते. नकलकार हेच करतात. समासात मी लिहिले : ‘दुसरे पात्र मूळ कथेत नाही. प्रक्षिप्त. वगळले.’ भाऊ गेल्यावर रविवारच्या ओळीला अर्थ राहिला नाही, शिवाय ‘कुणी आलं नाही’ हे बालदिनाला बरे दिसले नसते, तीही वगळली. उरलेले सांधले. छापायला गेले ते असे : ‘खार म्हणाली मी एकाच ढोलीत राहीन. तुम्ही या. मग आई आली. बाबा आले. खार आनंदात राहिली.’

शेवटचे वाक्य माझे. पाच मिनिटे लागली.

आठवड्याने कुरणेबाईंचा फोन आला.

“सर, तोडकरांच्या केसमध्ये न्यायाधीशमॅडमना मुलीनं स्वतः लिहिलेलं काहीतरी हवंय. तिची पुस्तिका तुमच्याकडेच आहे ना? पाठवता का उद्या?”

पुस्तिका टेबलावर माझ्या हाताशी होती. पेन्सिलीच्या अक्षरांवरून माझी निळी शाई आडवी गेलेली होती.

“मूळ प्रत जरा खराब झालीय,” मी म्हणालो. “टंकलेली पाठवतो. तीच शुद्ध आहे.”

“तेच बरं. मुलांचं अक्षर मॅडमना लागत नाही.”

कुरणेबाईंनी जे हाती आले त्यावरून अहवाल लिहिला. त्यांची चूक एवढीच की त्यांनी एका विद्वानावर विश्वास ठेवला.

म्हणून मी परत त्या चेंबरमध्ये येतो. अहवाल वाचून झाला होता. न्यायाधीशबाईंनी आईवडिलांना बाहेर बसायला सांगितले आणि केतकीला आत बोलावले. ती आली ती ओजसचा हात धरून. दस्तगीरने त्याला दारातून अलगद मागे घेतले. बाईंनी तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवले, पाण्याचा पेला पुढे केला.

“काय नाव गं तुझं?”

“केतकी संभाजी तोडकर.”

“कितवीत?”

“चौथी अ.”

“बाबा चंद्रपूरला चाललेत, माहितीये ना? तुला काय वाटतं ते मला सांगशील? इथं कुणी रागावणार नाही.”

केतकीने तोंड उघडले, आणि मग ती माझ्याकडे बघून थांबली. शाळेत पाठांतर झाले असेल तर मूल मास्तरांकडे जसे बघते तसे.

“मी लिहून दिलंय,” ती म्हणाली.

“हो, वाचलं मी. छान लिहिलंयस.”

“सगळं वाचलं?”

“सगळं.”

त्या खोलीत मी तिला प्रथमच हसताना पाहिले. वरचे दोन दात नवे, मोठे होते. खुर्चीवरून उतरून ती दाराकडे पळाली, आणि दार लोटले जाण्यापूर्वी तिचे बोलणे आत ऐकू आले : “ओजू, झालं! बाईंनी वाचलं!”

न्यायाधीशबाईंनी कागद पुन्हा हातात घेतला. त्यांना घाई नव्हती. हे मला मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण पुढे मी स्वतःला बरेचदा सांगितले की सगळे घाईत झाले.

“सर, हे मुलीचंच लिखाण आहे ना?”

“हो, मॅडम.”

“भाऊ नाही यात.” त्या कागदाकडेच बघत होत्या. “मला आश्चर्य वाटतंय. आत येताना तिनं त्याचा हात सोडला नव्हता. तुम्ही मुलांचं लिखाण वाचता. या वयाचं मूल जवळच्या माणसाला असं वगळतं का?”

दाराबाहेर ओजस कशावरून तरी खदखदून हसत होता. टेबलावर माझा हात होता. त्याच्या मधल्या बोटावर निळ्या शाईचा डाग होता, जो त्या बोटावर गेली चाळीस वर्षे असे.

मी म्हणालो, “सामान्यतः वगळत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे वगळलं असेल, तर त्याला काही अर्थ असतो.”

वाक्य अचूक होते. आजही त्यात दोष काढता येणार नाही. बाईंनी ‘हं’ केले, थोडा वेळ कागदावर पेन आडवे धरून ठेवले आणि मग सही केली. सहामाही परीक्षा संपल्या त्याच आठवड्यात वडील ओजसला मुलांच्या खोलीतून घेऊन गेले. मी तिथे नव्हतो. दस्तगीरने सांगितले, की पोराला आइस्क्रीम खायला नेतो म्हणून नेले आणि पोरीने त्याच्या पिशवीत हत्तीचे पुस्तक घातले. ते पुस्तक न्यायालयाचे होते. दस्तगीरने त्याची नोंद केली नाही.

बालदिनाला त्याच खोलीत संग्रहाचे प्रकाशन झाले. भिंतीवर पताका, पेढ्यांचा खोका, प्रमुख पाहुणे, माझ्या प्रस्तावनेचा गौरव. नऊ लेखकांपैकी सहा आले होते. केतकी आईबरोबर आली होती. पुस्तक हातात मिळताच तिने उभ्या उभ्या आपले पान काढले. मी व्यासपीठावरून तिला वाचताना पाहिले. चार ओळी वाचायला किती वेळ लागतो? तिने पान उलटले, मागे काही आहे का ते पाहिले, पुन्हा पहिल्यापासून वाचले, मग पुढच्या मुलाच्या पानावर काही चुकून गेले आहे का ते पाहिले.

भाषणे संपल्यावर ती माझ्याजवळ आली.

“सर, ओजू कुठाय?”

“चंद्रपूरला ना?” मी म्हणालो.

“यात कुठाय?”

लोक सह्या घ्यायला उभे होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जन्मातले पहिले धडधडीत खोटे बोललो. तोवरची सगळी नीट बांधलेली होती.

“छापताना जागा कमी पडली गं.”

तिने मान डोलावली. पटल्यासारखी. पाने अपुरी पडतात, वही संपते, हे तिला ठाऊक होते.

“मला सांगायचं होतं ना,” ती म्हणाली. “मी अक्षर बारीक काढलं असतं.”

आणि ती पेढा न घेता आईकडे गेली.

दस्तगीर मागे खोका धरून उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. खोका त्याने खिडकीत ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “न्यायाधीशबाई अजून वर हायेत, सर. मी बघून आलो. जाताय का?”

“जाऊन काय सांगू?”

“पोरगी म्हणती तेच.”

“निकाल झाला आता, दस्तगीर.”

“कागदावर झालाय. कागद तुमचाच न्हवं? दुसरा लिव्हा. बाई ऐकून घेत्यात.”

“असं नसतं ते.”

“कसं असतंय?” त्याने विचारले. त्याला खरेच ऐकायचे होते. मी पाहुण्यांबरोबर जेवायला गेलो. त्या संग्रहाला पुढे एक पुरस्कार मिळाला. प्रस्तावनेचा स्वतंत्र उल्लेख होता.

नंतर मी राग धरला तो कुरणेबाईंच्या अहवालावर. वर सांगितलेले विच्छेदन मी पहिल्यांदा केले ते त्याच हिवाळ्यात, एका चर्चासत्रात, आणि ते इतके जमून आले की मी ते सोळा वर्षे करत राहिलो. कुरणेबाई एकदा श्रोत्यांत होत्या. त्यांनी आपले वाक्य ओळखले. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “चुकलंच सर माझं. मी मूळ प्रत मागायला हवी होती.” मी त्यांना उदारपणे क्षमा केली.

गेल्या फेब्रुवारीत केतकी घरी आली. मी ओळखले नाही. पंचवीस वर्षांची बाई, फिजिओथेरपिस्ट; माझ्या चालण्याकडे बघून आधी गुडघ्याबद्दल विचारले, मग नाव सांगितले.

“ओजस इथे आलाय, सर. नोकरीला. माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर खोली घेऊन राहतो.”

“अरे वा. मग भेटत असाल.”

“परवा डबा घेऊन गेले होते. म्हणाला, ‘अहो ताई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?’” “मला ‘अहो’ म्हणतो तो. शेजारच्या काकूंना म्हणावं तसं. चिडत नाही, काही नाही. डबा घासून परत देतो.”

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

“बाबा वारल्यावर त्यांची कागदपत्रं त्याच्याकडे आली. त्यात कोर्टाची फाइल होती. ते वाक्य त्याला पाठ आहे, सर. ‘धाकट्या भावाचा कोठेही उल्लेख नसून.’ मी त्याला सांगितलं की मी लिहिलं होतं. दोन शनिवार लिहीत होते, तू शेजारी बसला होतास. तो म्हणाला, ‘असेल. मला आठवत नाही. कागदावर नाही पण.’ भांडला असता तर बरं झालं असतं.” मग तिने सरळ विचारले, “माझी पुस्तिका तुमच्याकडे आहे का? तेवढी दाखवली तर तो मानेल. माझं अक्षर ओळखेल तो. त्याला अक्षरं मीच शिकवली होती.”

ज्या माणसाने एका पोथीच्या चार सुट्या पानांसाठी तीन जिल्हे पालथे घातले होते, त्याला सांगावे लागले : “ती रद्दीत गेली. घर बदललं तेव्हा.”

तिने मान डोलावली. पुन्हा तशीच.

“मग तुम्ही लिहून द्या.”

मी आत गेलो आणि लिहायला बसलो. तासाभराने बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात चार पाने होती. उपक्रमाची पार्श्वभूमी होती, संपादनाची तत्त्वे होती, बालसाहित्यात मूळ संहिता कशाला म्हणावे याचा ऊहापोह होता, कुरणेबाईंचा अहवाल होता. तिने चारही पाने शेवटपर्यंत वाचली.

“सर, हे ओजूला नाही कळायचं. तो कॉमर्सचा आहे.” तिने पाने घडी घालून मला परत दिली. “काय केलंत तेवढंच लिहा ना.”

ती समोर बसून राहिली. मी दुसरा कागद घेतला. त्यावर जे लिहिले आणि सही करून तिच्या हाती दिले, ते येथे शब्दशः देतो :

“चि. ओजस, तुझ्या बहिणीने नऊ वर्षांची असताना जी गोष्ट लिहिली, तिच्यात तू होतास. तुला मी काढून टाकले. तिला विचारले नाही. न्यायाधीशांनी मला विचारले तेव्हा तू त्या गोष्टीत होतास हे मला माहीत होते. मी सांगितले नाही. सांगितले असते तर तुम्हा दोघांना त्यांनी वेगळे केले नसते, हेही मला त्याच वेळी माहीत होते. माझे पुस्तक छापायला गेले होते.”